ऑगस्टिनच्या मठाचे उरलेले तास

जुन्या गोव्यातल्या होली हिलवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा उभा आहे. उभा म्हणजे अर्धा. उंची ४६ मीटर, रंग भिजलेल्या मातीचा, आणि मागे छप्पर नसलेल्या भिंतींचा पसारा. बघणाऱ्याला वाटतं, लढाई झाली असणार, तोफा लागल्या असणार. नाहीतर पोर्तुगीज गेले आणि देखभाल संपली, असं काहीतरी. दोन्ही समजुती खोट्या. तोफ लागली नाही, आणि छत खाली आलं ते १८४२ मध्ये, पोर्तुगीज जायच्या एकशे एकोणीस वर्षं आधी.

दुर्घटनेचा घटनाक्रम लिहायची एक ठरलेली रीत आहे. शेवटचे चोवीस तास, शेवटचा तास, मग स्फोट किंवा लाट. इथे ती रीत लावली तर हाती काही लागत नाही, कारण जे व्हायचं होतं ते शेवटच्या दिवसाच्या कितीतरी आधी होऊन चुकलं होतं. म्हणून तास मागूनच मोजायला घेऊ. १८४२ हा शून्य, वर्षाला ८,७६६ तास. हिशेब ठोकळ आहे, पण किराणा दुकानाच्या वहीइतका प्रामाणिक.

उरले २३ लाख ६७ हजार तास (१५७२)

ऑगस्टिनियन साधू गोव्यात उतरले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन हे सगळे पंथ आधीच येऊन बसले होते. यांच्या वाट्याला मोंते सांतो, म्हणजेच होली हिल, ही टेकडी आली. जागा देखणी, खाली मांडवी. पण टेकडीवरचं बांधकाम म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत चारी बाजूंनी मार खाणारं बांधकाम. पश्चिमेकडून येणाऱ्या झडीला आडोसा नाही.

उरले २१ लाख तास (१६०२)

नोस्सा सेन्होरा द ग्रासा, म्हणजे कृपामाऊलीचं चर्च, पुरं झालं. काम १५९७ मध्ये सुरू झालं होतं. दर्शनी भिंतीच्या दोन बाजूंना दोन उंच मनोरे, आत आठ लहान प्रार्थनागृहं, जमिनीत कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा, भिंतींवर रंगीत फरशा, आणि या सगळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेलं कमानीचं भव्य छत. याला बरोक म्हणावं की बरोकच्या उंबरठ्यावरचं, यावर जाणकार वाद घालतात. घालोत. आपल्याला महत्त्वाचं आहे ते हे की एवढं सगळं जांभ्याचं होतं.

जांभा म्हणजे काय हे सिंधुदुर्गातल्या आमच्या वालावल गावात कुणाला सांगावं लागत नाही. कुडाळ तालुक्यातलं घर घ्या, गडगा घ्या, विहिरीचा कठडा घ्या, सगळा जांभ्याचा चिरा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. पण अंगाला भोकं असतात ती कायमची. पाणी पिणारा दगड आहे हा. त्याला चुन्याचा गिलावा हवा, दर वर्षी पावसाळ्यानंतर सफेदी हवी, सांधे उघडे पडले की लगेच भरायला हवेत. पोर्तुगीजांनाही हे ठाऊक होतं. गोव्यातली चर्चं पांढरीशुभ्र दिसतात त्यात भक्तीइतकाच जांभ्याचा बंदोबस्त आहे.

उरले १८ लाख ८५ हजार तास (१६२७)

इराणातल्या शिराझहून एक विलक्षण ऐवज मठात पोचला. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिला शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये हालहाल करून मारलं होतं, धर्म बदलायला नकार दिला म्हणून. शिराझमध्ये ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यातला काही भाग गोव्याला आणला. मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनागृहात, खिडकीपाशी, दगडी पेटीत त्या ठेवल्या गेल्या. या पेटीकडे शून्यानंतर परत यावं लागेल.

उरले १४ लाख तास (१६८३) आणि ९ लाख तास (१७३९)

इथे चर्च पडायला हवं होतं, असं इतिहास वाचणाऱ्याला वाटतं. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजा गोवा शहराच्या उंबरठ्यापर्यंत पोचल्या. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर बॉम जिझस चर्चमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या पायाशी आपला अधिकारदंड ठेवून आला, इतकी परिस्थिती हाताबाहेर गेली होती. १७३९ मध्ये मराठ्यांची फौज साष्टीत आणि आमचे सावंतवाडीकर भोसले बारदेशात. वालावल ज्या मुलखात मोडत होतं तिथलीच माणसं तेव्हा मांडवीच्या पलीकडच्या अंगाला येऊन ठेपली होती. होली हिलवरच्या चिऱ्याला यातल्या कुणाचाही धक्का लागला नाही.

उरले ७ लाख २८ हजार तास (१७५९)

व्हाइसरॉयनेच बिऱ्हाड हलवलं. साथींनी जुनं शहर पोखरून टाकलं होतं, विहिरींचं पाणी खराब, माणसं पटापट मरत होती. मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपानंतर पडलेलं शहर फूटपट्टीने आखून उभं करणाऱ्या मार्किश द पोंबालला वाटलं की गोव्यातही तेच करता येईल. १७७४ मध्ये त्याने जुनं शहर नव्याने बांधायचे हुकूम पाठवले. पैसा गेला, मजूर गेले, शहर काही उठलं नाही.

राजधानी हलते तेव्हा देवळं-चर्चं लगेच ओस पडत नाहीत. पुजारी राहतो, भक्त कमी होतात. मठात माणसं होती, दिवे लागत होते, गिलावा होत होता.

उरले ३ लाख तास (जानेवारी १८०८)

याचा पुरावा एका परक्या पाहुण्याने ठेवला आहे. क्लॉडियस ब्यूकॅनन, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख. ब्यूकॅनन गोव्यात आला तो इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, छडा लावायला, आणि त्याला उतरवून घेतलं ते इन्क्विझिशनच्याच एका न्यायाधीशाने, याच ऑगस्टिनियन मठात. पाहुणचार उत्तम झाला. मठातलं ग्रंथालय त्याच्या डोळ्यांत भरलं. मग त्याने तळघरातल्या कैद्यांबद्दल विचारायला सुरुवात केली आणि पाहुणचाराला आंबट वास यायला लागला. चार वर्षांनी, १८१२ मध्ये, इन्क्विझिशन कायमचं बंद झालं.

मठाच्या सुखाखाली काय गाडलेलं होतं, हे विसरून त्याच्यासाठी गळा काढता येणार नाही. इथले साधू ज्या व्यवस्थेत होते तिने इथल्याच लोकांची देवळं मोडली होती, माणसं छळली होती. देव घेऊन नदीपलीकडे पळालेल्या घराण्यांच्या कथा आमच्या बाजूच्या कितीतरी गावांत आहेत. तरी इमारत ही इमारत असते. तिचे चिरे इथल्याच खाणीतले आणि घामही इथल्याच माणसांचा.

उरले ७० हजार तास (मे १८३४)

आता गणित वेगाने धावतं. पोर्तुगालमध्ये दोन भावांचं यादवी युद्ध संपलं, उदारमतवादी जिंकले, तिजोरीत खडखडाट. ३० मे १८३४ रोजी मंत्री जुआकिं आंतोनियु द आगियार याच्या सहीचा हुकूम निघाला: पुरुष साधूंचे सगळे मठ बंद, मालमत्ता सरकारजमा. लोकांनी या मंत्र्याचं नाव ठेवलं 'साधुमाऱ्या'.

हुकमात नन्ससाठी वेगळी तजवीज होती. त्यांचे मठ ताबडतोब बंद करायचे नाहीत. नव्या मुली घ्यायच्या नाहीत आणि शेवटची नन वारली की मग दाराला कुलूप लावायचं. लिस्बनमधल्या कारकुनाने ही ओळ लिहिताना होली हिलचा विचार केला असण्याचं कारण नाही. पण होली हिलवर ऑगस्टिनच्या मठासमोर, मधे फक्त रस्ता सोडून, सांता मोनिका हा नन्सचा मठ होता. तोही त्याच पंथाचा, तोही सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, तोही जांभ्याचा. दोघांवर पडणारा पाऊस एकच. फरक फक्त त्या एका ओळीचा.

उरले ६१ हजार तास (१८३५)

हुकूम गोव्यात अमलात आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बर्नार्दो पेरिस द सिल्व्हा हा गोव्याचाच भूमिपुत्र कारभारी म्हणून आला होता आणि तीन आठवड्यांच्या आत बंड होऊन हाकलला गेला होता. असल्या धामधुमीत एका रिकाम्या मठाच्या पन्हळी कोण बघणार? साधू गेले. ग्रंथालयाची दारं लागली. मालक झालं सरकार, म्हणजे वर चढून बघणारं कोणी राहिलं नाही.

वालावलीत अशी घरं मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. चाकरमानी मुंबईला, हिस्सेदार पाच, त्यातले दोघं कोर्टात. छपरावर खर्च करायचा कोणी, यावर एकमत नाही. घर लक्ष्मीनारायणाच्या तळ्याजवळचं असो की कर्लीच्या काठचं, पहिल्या पावसाळ्यात काही होत नाही. दुसऱ्यात एक नळा सरकतो. चौथ्या वर्षी वासा काळा पडलेला दिसतो, आणि सातव्या-आठव्या वर्षी चतुर्थीला आलेला माणूस दार उघडतो तर माजघरात आभाळ. ऑगस्टिनच्या मठाचं आयुष्य १८३५ नंतर सातच वर्षांचं का भरलं, याला इतिहासाच्या पुस्तकात फारसं उत्तर नाही. आमच्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो आकडा ऐकून मान हलवेल. बरोबर आहे म्हणेल.

त्यातला एक तास

सहा-सात पावसाळे म्हणजे जून ते सप्टेंबरचे वीस हजारांच्या आसपास तास. त्यातला एकच जवळून बघू. जुलै, भर दुपार, इमारत रिकामी.

पहिली पाच मिनिटं पाणी रीतसर वाहून जातं. पन्हळीत मागच्या वर्षीचा पाला कुजून बसलेला. साधू असते तर मेमध्येच दोन पोरं वर चढवून तो काढला असता. दहाव्या मिनिटाला पन्हळ तुंबते, पाणी मागे सरकतं आणि गिलाव्याला गेलेल्या तड्यातून आत उतरतं. जांभा ते पितो आणि जड होतो.

विसाव्या मिनिटापर्यंत ओल सांध्यांत पोचलेली असते. चुना एकदम वाहून जात नाही, कणाकणाने सुटतो, आणि आतल्या बाजूने पांढरे ओघळ उमटतात. कमान तोलली जाते ती रेट्यावर. प्रत्येक चिरा शेजारच्याला ढकलत असतो, आणि तो सगळा रेटा उतरत उतरत दोन बाजूंच्या भिंतींवर जातो. चिरा जड झाला की रेटा वाढतो. सांधा सैल झाला की रेटा जायची वाट बदलते. भिंत भिजली की तिची सोसायची ताकद घटते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. चाळिसाव्या मिनिटाला भिंत बाहेरच्या अंगाला केसभर सरते आणि कमानीचा माथा तेवढाच खाली बसतो. हे कुणाला दिसत नाही. दिसायला आत कोणी नाही.

साठाव्या मिनिटाला पाऊस उघडतो. ऊन पडतं, चिरा वाफ टाकतो. काहीही पडलेलं नसतं. फक्त एका तड्यात, पाखराने टाकलेल्या पिंपळाच्या बीला हवी होती तेवढी ओल मिळालेली असते. आता पुढचा तास.

मोठ्या कमानीचं छत पडतं तेव्हा ते थोडं थोडं पडत नाही. वर्षानुवर्षं केसाकेसाने सरकलेली भिंत एका मर्यादेपलीकडे गेली की माथ्यावरचे चिरे एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत, आणि मग सगळं वजन एकदम येतं. खाली जे असेल ते त्याच्याखाली.

शून्य (१८४२)

मधलं छत कोसळलं. वेदी, प्रार्थनागृहं, थडग्यांच्या शिळा ढिगाऱ्याखाली गेल्या. केतेवान राणीची पेटी ज्या भागात होती त्या बाजूलाही पुढे पडझड झाली आणि तिची जागा माणसांच्या आठवणीतून गेली. छत गेल्यावर भिंतींना धरणारं काही उरलं नाही. मठही भराभर ढासळला.

शून्यानंतर

पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, पणजी अधिकृत राजधानी झाली. व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने १८२७ ते १८३५ या काळात दलदल भरून, सरळ रस्ते आखून हे शहर घडवलं होतं. ज्या वर्षी तो पायउतार झाला त्याच वर्षी मठ रिकामा झाला. आखलेल्या नव्या शहराला घडवलेला दगड हवा होता आणि जुन्या शहरात तो फुकट पडलेला होता. जुन्या गोव्यातल्या पाडलेल्या इमारतींचं सामान पणजीच्या बांधकामांत गेलं. ऑगस्टिनची थोरली घंटा काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये, त्या सिनेमात दिसणाऱ्या पांढऱ्या जिन्यांच्या माथ्यावर, बसवली गेली. गोव्यातली ती दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा.

रस्त्यापलीकडे सांता मोनिकात नन्स एकेक करत म्हाताऱ्या होत होत्या. नव्या कोणी येत नव्हत्या. शेवटची १८८५ मध्ये वारली. समोरचं छत पडल्यालाही तोवर त्रेचाळीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं त्या मठात चूल पेटत होती, गळलं तर कुणाच्या तरी अंथरुणावर गळत होतं, आणि म्हणून ते दुरुस्त होत होतं. बाहेरून भिंतींना टेकू देणारे दगडी धिरे आजही तिथे दिसतात. मठ उभा आहे.

ऑगस्टिनची दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला, आणखी काही भाग १९३८ मध्ये. तेव्हाही गोव्यात पोर्तुगीज सरकारच होतं.

मग १९५० च्या दशकात त्याच सरकारने बॉम जिझसचा गिलावा काढून टाकला. उघड्या जांभ्याचं चर्च जुनं आणि भारदस्त दिसतं, असा तेव्हाचा विचार. आज पोस्टकार्डांवर जे तांबूस बॉम जिझस आपण ओळखतो ते बांधणाऱ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. जांभा तेव्हापासून भिजतो आहे. २०२० मध्ये तिथल्या धर्मगुरूंनीच जाहीर मागणी केली की पुन्हा गिलावा करा. त्यावर वाद झाला. लोकांना तांबूस रंग आवडतो, हा मुद्दा निघाला. मला तो मुद्दा पटत नाही. जवळच्याच टेकडीवर उघड्या जांभ्याचं काय होतं याचा ४६ मीटर उंच पुरावा उभा असताना रंगाच्या आवडीनिवडीला किती किंमत द्यायची?

राणीची पेटी मात्र सापडली. जॉर्जियाच्या पथकांनी १९८९ पासून शोध घेतला. पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसले, जुन्या पोर्तुगीज नोंदीतली खिडकी कोणती ते ताडलं, आणि २००४ मध्ये दगडी पेटीचे अवशेष आणि हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला. तो इथल्या लोकांशी न जुळता जॉर्जियाकडे बोट दाखवणारा निघाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अस्थींचा भाग त्बिलिसीत नेऊन सुपूर्द केला. छत पडलं नसतं तर एवढा शोध घ्यावाच लागला नसता, ही गोष्ट वेगळी.

जुन्या गोव्याची चर्चं आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ऑगस्टिनच्या अवशेषांची डागडुजी आता खातं करतं. सिंधुदुर्गातून जाणारे बहुतेक जण पात्रादेवी, म्हापसा करत येतात, बॉम जिझसला रांग लावतात, समोरचं से कॅथेड्रल बघतात आणि परत गाडीत बसतात. टेकडी चढायला दहा मिनिटं लागतात. आधी सांता मोनिकात जा, तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, आणि वर छताकडे नीट बघा. मग रस्ता ओलांडून समोर जा. शक्य असेल तर पावसाळ्यात जा.